पंधरावा हात

आठ डिसेंबर, रविवार, सकाळी साडेअकरा. ठरलेली रक्कम सहा हजार पाचशे रुपये. हजर माणसं चार: मी, माझी बायको, माझी धाकटी बहीण आणि गोधडी शिवणाऱ्या त्या. दोन फेब्रुवारीला आमच्या आईला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती, निदान शाळेच्या दाखल्यावर तरी. तोवर घरचे फोटो आणि आईच्या रुखवतातलं भरतकाम घालून तिच्यासाठी एक गोधडी तयार करायची, असा तो सौदा. मुदत छप्पन दिवस. मी विसार म्हणून दोन हजार पुढे केले, तर त्यांनी ते बोटाच्या टोकानं माझ्याकडे परत सरकवले.

"विसार घेतला का हात घाई करते," त्या म्हणाल्या. "आकडा तुमी लेहून ठेवा. मी तुमचे फोटो पायतो."

आमच्या वऱ्हाडात बायाही 'पाहतो', 'करतो' म्हणतात. त्यांच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं.

सगळी अमरावती त्यांना गोधडीवाल्या काकू म्हणायची, मीही तेच म्हणत असे. मूळच्या दर्यापूरकडच्या. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या शिलाई खोलीत चादरी आणि शस्त्रक्रियेचे हिरवे झगे शिवून निवृत्त झालेल्या. "एकतीस वर्षं एकच हिरवा रंग पायला," त्या सांगत, "आता कोनी हिरवी साडी आनली तरी मी थे अस्तराले लावतो." राजापेठेच्या मागे एका आटाचक्कीला लागून त्यांच्या दोन खोल्या होत्या. चक्कीचं पीठ कापडावर बसू नये म्हणून दारावर कायम एक ओली चादर टांगलेली असे. येणारा माणूस ती बाजूला सारून आत शिरला की त्याचा एक खांदा भिजलेला असायचा. ओल्या खांद्यावरून त्यांचं गिऱ्हाईक बाहेर ओळखू येई.

त्यांच्या कामाची पद्धत मला पहिल्या दिवसापासून आवडली, कारण तिच्यात आकडे होते. रोज सकाळी उन्हात बसून त्या एकवीस सुयांमध्ये दोरा ओवत आणि साबणाच्या वडीत रांगेनं टोचून ठेवत. साबणानं सुई कापडातून सुळकन जाते. एकवीस सुयांचा दोरा संपला की दिवस संपला, मग दुपारचे तीन वाजलेले असोत की सहा. बाविसावी सुई त्यांनी ओवलेली कोणी पाहिली नव्हती. एकदा मी विचारलं, "काकू, एकवीसच का?"

"वीस कमी पडते न् बावीस डोयाले लागते," त्या म्हणाल्या. "तुमच्या कचेरीत दहा ते साडेपाच काऊन असते, हे मी विचारलं का?"

नियम पुष्कळ. फोटो कापडावर छापून आणायचे, आणि ते छापलेलं कापड त्या आधी तीनदा धुणार. तीन धुण्यांत चेहरा टिकला तरच शिवणार. छापणाऱ्या स्टुडिओवाल्याशी त्यांचं कायमचं भांडण. माझ्यासमोर त्यांनी त्याला फोन केला होता: "अरे, या बुढ्याचं नाक धुवून गेलं. बिना नाकाचा बुढा मी कोनाच्या अंगावर टाकू?" गोधडीच्या पायाकडच्या भागात फोटो नाही, तिथं नुसते साड्यांचे तुकडे. देवाचा फोटो तर कुठंच नाही. हार घातलेला फोटो नेला तर परत पाठवत. "हार काढून आना. माह्या गोधडीत सगये जिते असते." जुनं भरतकाम कापायचं नाही, ते अखंड बसवायचं. आणि फोटोतल्या प्रत्येक माणसाबद्दल एक प्रश्न ठरलेला: हा माणूस बसे कसा?

माझ्या वडिलांबद्दलही त्यांनी हे विचारलं. वडिलांचा जन्म, नोकरी, पगार, पेन्शन, सगळं मला तोंडपाठ. ते बसत कसे, ते आठवेना. बहीण म्हणाली, "एक पाय खुर्चीवर घेऊन. गुडघ्यावर पेपर." काकूंनी मान हलवली, आणि पुढे वडिलांच्या फोटोभोवती जो धावदोरा घातला तो खालून एका बाजूला गुडघ्यासारखा दुमडला. परक्या माणसाला ती नक्षी वाटते. आम्हाला ते वडील वाटतात.

नकार देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. एका शिकवणी वर्गाचे मालक मोटार घेऊन आले होते. त्यांना त्यांच्या वर्गातल्या गुणवंत मुलांच्या साठ फोटोंची गोधडी हवी होती, दर्शनी भागात टांगायला. पैसे दुप्पट. काकूंनी चहा पाजला आणि विचारलं, "या साठातलं एक तरी पोट्टं तुमच्या घरी निजलं हाये का कदी?" मालक म्हणाले, नाही. "मंग फ्लेक्स करा, सायेब. फ्लेक्सले थंडी वाजत नाही." मालक ओला खांदा घेऊन गेले.

आता आमच्या फोटोकडे येतो.

फोटो एकूण अकरा होते. त्यातला सर्वांत जुना आईच्या माहेरचा, हिवरखेडचा. आईच्या लग्नाच्या दोन महिने आधी काढलेला. आजोबा, आजी, तीन मामा, आजोबांच्या आई आणि उजव्या टोकाला वीस वर्षांची आमची आई. माणसं सात. लाकडी चौकटीत तो आमच्या बैठकीत जन्मापासून पाहिलेला.

आणि भरतकाम म्हणजे दुसुतीचा एक मोठा टेबलक्लॉथ आणि चार अभ्रे. फुलीच्या टाक्यातले राघू, टेबलक्लॉथवरच बावीस, मी लहानपणी मोजलेले. आमच्या घरातली अभिमानाची वस्तू कोणती, तर ती. दर दिवाळीला तो टेबलक्लॉथ निघे, पाहुणे विचारत, वडील म्हणत, "हिच्या हातचं." बहीण शिवण शिकत होती तेव्हा तिला घरीदारी एकच ऐकावं लागे: आईसारखा टाका घाल. तिनं पुढे सुई हातात धरायचीच सोडून दिली.

बावीस डिसेंबरला आम्ही दोघं बहीण-भाऊ छापलेलं कापड पाहायला गेलो. मुदतीतले बेचाळीस दिवस शिल्लक. काकूंनी टेबलक्लॉथ उलटा करून मांडीवर घेतला होता. त्या कोणतंही काम आधी उलट्या बाजूनं पाहत. सुलट बाजू पाहुण्यांसाठी असते, म्हणत.

"तुमची माय सुई कोनत्या हातात धरते?"

"उजव्या," बहीण म्हणाली.

"मंग हे तुमच्या मायचं काम नाही. हे डावखुऱ्या बाईचं हाये. दोरा उजवीकून निघाला, डावीकडे संपला. अन् वरचा टाका पाय, उलट्या आंगाले कललेला. बावीसच्या बावीस राघू."

बहीण माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "काकू, काहीतरी चुकतंय. हे आईनं तिच्या लग्नासाठी केलंय. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यायले माहीत असन. दोऱ्याले माहीत नाही." त्यांनी टेबलक्लॉथ बाजूला ठेवला आणि हिवरखेडचा फोटो, आता कापडावर हातभर मोठा छापलेला, माझ्यासमोर पसरला. "तुमी हिशेबवाले. यात मानसं किती?"

"सात."

"हात किती?"

मी मोजले. दिसणारे तेरा, आजीच्या पदराखाली आणि धाकट्या मामाच्या पाठीमागे लपलेला एकेक. बेरीज पंधरा. पुन्हा मोजले. पुन्हा पंधरा.

पंधरावा हात आईच्या खांद्यावर होता. आईचे दोन्ही हात मांडीवर. हा तिसरा टोकाकडून आलेला, बांगड्या घातलेला, मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके. मनगटाच्या मागे फोटो संपत होता. चौकटीत असताना तो हात आईच्या पदराची घडी वाटायचा. मी नोकरीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या, आणि बैठकीतल्या भिंतीवरची ही बेरीज एकदाही केली नव्हती.

मला त्या वेळी खरं तर मुदतीची काळजी. मी म्हणालो, "काकू, टोकाची दोन बोटं रुंद पट्टी कापून तो हात काढून टाकला तर? फोटो नीट चौकोनी होईल."

त्यांनी जवळची कात्री उचलून मागे ठेवली. शेजारी चक्की चालू होती.

"एकदा कापला हाये भाऊ कोनंतरी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा माह्या कात्रीनं नाही. हात कोनाचा न् टाका कोनाचा, हे सांगा. मले वाटते एकाच बाईचं उत्तर येईन. तोवर हे कापड असंच राहीन."

घरी आलो तेव्हा आई अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. काकूंकडून मागून आणलेलं छापील कापड बहिणीनं तिच्यासमोर ठेवलं आणि त्या हातावर बोट ठेवलं. भेट गुप्त ठेवायची होती, ते राहिलं. आईनं सोललेले दाणे टोपल्यात टाकले, हात पदराला पुसला आणि कापडावरचा तो हात झाकल्यासारखा आपला तळवा त्यावर ठेवला.

"धाकटीचा हाये," ती म्हणाली.

आम्हाला तीन मामा माहीत होते. मावशी होती हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. आईहून तीन वर्षांनी लहान. आईच्या लग्नानंतर दोन वर्षांनी तिनं अकोल्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या माळ्याच्या मुलाशी लग्न केलं. आजोबांना आपल्या शेतीचा आणि जातीचा ताठा. त्यांनी फोटो चौकटीतून काढून कात्रीनं कापला आणि आईला शपथ घातली, की तिचं नाव सासरी काढायचं नाही.

"न् हे राघू?" बहिणीनं विचारलं.

"थेही तिचेच. माह्या लग्नासाठी सहा महिने बसली होती. मले टाका कुठं येते साजरा?" आई म्हणाली. "तिचं लग्न झालं त्या दिवाईले तुमच्या बाबाईनं विचारलं, कोनं केलं. तिचं नाव घेता येत नव्हतं. मी म्हटलं, मी केलं. एकदा हो म्हटलं, मंग दर दिवाईले हो म्हनाव लागलं." मग बहिणीकडे पाहून, "तुले लोकं बोलत न् मी आयकत बसो. थे मले माफ नाही."

बहिणीनं आईच्या पुढ्यातल्या शेंगा ओढून घेतल्या आणि सोलायला लागली.

आईच्या पत्र्याच्या पेटीत एक लग्नपत्रिका होती, वीस वर्षांपूर्वीची, मावशीच्या मुलाची. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण पत्ता छापलेला होता. आई कधी गेली नव्हती. आजोबा जाऊनही तीस वर्षं झाली होती, पण शपथ घालणारा मेला तरी ती सुटते की नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पाच जानेवारीला मी अकोल्याला निघालो. अठ्ठावीस दिवस शिल्लक, म्हणजे बरोबर निम्मी मुदत. स्टँडवर काकू आधीच येऊन उभ्या होत्या, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला टेबलक्लॉथ. मी बोलावलं नव्हतं. "घरच्या मानसाले दारातून वापस पाठवता येते," म्हणाल्या, "कारागिराले नाही येत." स्वतःचं अर्धं तिकीट स्वतः काढलं आणि मूर्तिजापूर येईपर्यंत झोपल्या.

मावशी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. बारीक अंगाची, पांढरेशुभ्र केस. मी नाव सांगायच्या आत काकूंनी टेबलक्लॉथ तिच्यासमोर पसरला, उलटा. मावशीनं मेथी खाली ठेवली. डावा हात त्या राघूंवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवत नेला आणि शेवटच्या राघूवर थांबवला.

"याची चोच राहिली होती," ती म्हणाली. "लाल दोरा सरला होता. हिवरखेडात मियाला नाही." मग माझ्याकडे वर पाहिलं. "तू थिचा लेक?"

"हो."

"जिती हाये?"

"हो. दोन फेब्रुवारीला ऐंशी होते. तुम्ही यावं म्हणून..."

"सत्तावन वर्षं माहं काम आपलं म्हनून मिरवलं तिनं. मले समदं समजे, अकोल्यात बाया येत-जात. आता ऐंशी झाली तं बहीन आठवली? थे काऊन नाही आली?"

मी खाली मेथीच्या जुड्यांकडे पाहत राहिलो. कामाचं काही सुचेनासं झालं की मी मोजतो; तेवीस होत्या.

तेव्हा काकू बोलल्या. "बाई, मी त्यायच्या घरची कोनी नाही. मले माफी मांगाले नाही आनलं. मी या कापडाची गोधडी करून राहिलो. राघूची चोच पुरी कराची हाये. म्या तीन रातीचे दिवस केले, दोनदा उसवलं. उजव्या हाताचा टाका त्यात बसत नाही. वेगया दिसते."

ज्या बाईनं कोणाला कधी 'जमत नाही' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, ती हे म्हणाली, आणि पोलक्याच्या आतून लाल दोऱ्याची छोटी लडी काढून मेथीवर ठेवली.

मावशीनं लडी उचलून उजेडात धरली. "हा जरा गुलाबीकडे जाते."

"साठ वर्षांचा लाल बी गुलाबीच झाला हाये. लावून पाय."

मावशीनं लावून पाहिला. मग आतून चष्मा मागवला. चोच पूर्ण व्हायला वीस मिनिटं लागली. मी एका बाजूला बसलो होतो आणि त्या दोघी टाक्याबद्दल बोलत होत्या, कोणाची ओळख कोणाला करून द्यायची गरजच उरली नव्हती. सुई धरलेला हात डावा. कापड धरलेल्या उजव्या मनगटावर तीन ठिपके होते.

निघताना मावशी मला म्हणाली, "चोच पुरी करून देली. येनं-जानं पाहू." एवढंच. बसमध्ये मी विचारलं, "काकू, येतील का?" त्या म्हणाल्या, "मले टाक्याचं समजते, भाऊ. बायायचं नाही समजत." आणि पुन्हा झोपल्या.

दोन फेब्रुवारीला घरात चौतीस माणसं होती. काकूंनी गोधडी स्वतः आणली आणि पलंगावर उलगडली. अकरा फोटो, आईच्या सात साड्या, वडिलांचे दोन सदरे. मधोमध टेबलक्लॉथ, भोवती चार अभ्रे, सगळं अखंड. हिवरखेडचा फोटो त्यांनी टेबलक्लॉथच्या काठाला असा जोडला होता, की जिथं आजोबांची कात्री चालली होती तिथूनच राघू सुरू होत. आईच्या खांद्यावरचा हात आता कुठून आला हे विचारावं लागत नव्हतं. तो राघूंमधून आला होता.

एका कोपऱ्यात वीतभर शिवण उघडी होती. काकूंच्या घरची रीत अशी, की गोधडी उपाशी द्यायची नाही; शेवटचा कोपरा शिवण्याआधी घरच्या माणसानं आत ज्वारीचे पाच दाणे टाकायचे. मी म्हणालो होतो, किडे होतील. "झाले तं झाले. खाऊन-पिऊन सुखी घर हाये म्हनतीन."

जेवणं लांबली. आई कोपरा शिवू देईना. सव्वाएकला दारात ऑटो थांबला आणि मावशी उतरली, सोबत मुलगा, हातात मेथी आणि वांग्यांची पिशवी. आई पलंगावरून उठून दारापर्यंत गेली. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या.

"काय व, म्हातारी झाली तू," मावशी म्हणाली.

"तू कवयी पोरगी राहिली काय?" आई म्हणाली, आणि तिचा तो ठिपक्यांचा हात धरून तिला पलंगापाशी घेऊन आली. मग आमच्या घरात कधीही मोठ्यानं न बोललेली बाई चौतीस माणसांसमोर मोठ्यानं बोलली. "हे राघू माह्या हातचे नाहीत. या माह्या बहिनीच्या हातचे हायेत. मी खोटं बोलत होतो. आता समद्यायनं नीट पाहून घ्या."

माणसं पुढे झाली, वाकून वाकून पाहू लागली. बहिणीनं टेबलक्लॉथवरून हात फिरवला आणि मावशीला म्हणाली, "मले शिकवसान का?" मावशी म्हणाली, "डावा हात आन." सगळे हसले. मी काकूंकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि त्या वेळी त्यांचा चेहरा असा होता, जणू या चौतीस माणसांना त्यांनीच कुठूनतरी अखंड, न कापता, आणून बसवलं होतं. बसवलं होतंच. अशी बाई माझ्या गावात होती आणि मी तिच्याकडे ओला खांदा घेऊन आठ वेळा गेलो, याचा मला माझ्या नोकरीतल्या कोणत्याही बढतीपेक्षा जास्त अभिमान आहे. पुढच्या वर्षी त्यांच्या सुया एकवीसच्या चौदा झाल्या आणि त्या दर्यापूरला पुतण्याकडे राहायला गेल्या. बाविसावी सुई त्यांनी शेवटपर्यंत ओवली नाही.

त्या दिवशी दाणे आईनं टाकले. कोपरा मावशीनं शिवला, डाव्या हातानं, बाकीच्या गोधडीच्या उलट्या अंगानं. काकूंनी तो टाका पाहिला आणि उसवला नाही.

मग मी पाकीट दिलं, सहा हजार पाचशे. त्यांनी मोजले, पंधराशे वेगळे काढून माझ्या हातावर ठेवले. "टेबलक्लॉथ न् चार अभ्रे, हे काम माह्यं नाही. ज्याची मजुरी त्याले द्या." मी ते घेऊन मावशीकडे वळलो, तर आईनं माझा हात धरला. "तुहे ठेव," म्हणाली, आणि आतून पत्र्याची पेटी घेऊन आली.

हिशेब असा: पाच हजार रुपये मी काकूंना दिले. अकोल्याच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पंधराशे रुपये आईनं स्वतःच्या पैशातून, शंभराच्या पंधरा नोटा, मावशीच्या हातात मोजून दिले. मावशीनं त्या पुन्हा मोजल्या, एक नोट परत केली आणि म्हणाली, "चोचीचे नाही घेत. थे आत्ता केली."